अठ्ठावीस दिवसांचा महिना

जून उजाडला की आमच्या बडोद्यात बाहेरगावची मुले येऊ लागतात. महाराजा सयाजीराव विद्यापीठात कोणी कायदा शिकायला येतो, कोणी चित्रकला, आणि चार-दोन जण गाणे-बजावणे शिकायला सूरसागरच्या काठी येतात. खोली मिळाली, खाणावळ ठरली, की तिसरा प्रश्न ठेवलेलाच असतो : "सर, इथे कुठल्या कंपनीचे सिम घ्यावे? स्वस्तातले सांगा." गायनमास्तराला हे विचारण्यात गंमत आहे खरी. पण प्रश्न कानाचा आहे आणि खिशाचाही आहे, आणि या दोहोंशी आमच्या व्यवसायाचा जुना संबंध आहे. तेव्हा ज्या पानावर एरवी मैफलींची आणि पुस्तकांची चर्चा व्हायची, तिथे आज थोडी रिचार्जची झाली तर वाचकांनी रागावू नये.

माझे वडील बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात नोकरीस होते. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्याच्या तीन-चार वर्षे आधी ते तिथे लागले. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. दरबारचा पगार बेताचाच असे, पण ते म्हणत की तो महिन्याच्या महिन्याला येई आणि सरकारी महिना पंचांगाशी इमान राखून असे. आजच्या टेलिफोन कंपन्यांचा महिना मात्र अठ्ठावीस दिवसांचा. अठ्ठावीसाने भागले म्हणजे वर्षाचे बारा महिने न राहता तेरा होतात. तेरा अठ्ठावीस तीनशे चौसष्ट. म्हणजे बारा हप्त्यांचा हिशेब घरी सांगून आलेल्या मुलाला तेरावा हप्ता कुठून तरी उभा करावा लागतो. या अधिक मासाबद्दल तक्रारी झाल्या, तेव्हा ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला तीस दिवसांचा निदान एक पॅक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला पुन्हा भरता येईल असा निदान एक पॅक ठेवण्याची सक्ती केली. असे पॅक असतात. दुकानदार ते आपण होऊन दाखवीत नाही, आणि मुले विचारीत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. मुले पॅक निवडतात तो "रोज किती जीबी" या एकाच मापाने. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. तेव्हाच्या दरपत्रकात जिओचा रोज दीड जीबीचा अठ्ठावीस दिवसांचा पॅक २९९ रुपयांचा होता. आणि त्याच अठ्ठावीस दिवसांना मिळून फक्त २ जीबी देणारा, पण बोलण्यावर मर्यादा नसलेला, १८९ रुपयांचा होता. एअरटेल आणि व्हीआय यांचा तसाच छोटा पॅक १९९ रुपयांना होता. हे दर बदलत असतात, आजचा आकडा विचारूनच घ्यावा. मला सांगायचे आहे ते या दोन पॅकांमधल्या अंतराविषयी. वर्षाच्या तेरा हप्त्यांत ते १,४३० रुपये होते. तंबोऱ्याच्या तारा येऊन वर काही उरावे, एवढी ही रक्कम आहे.

रोजचा दीड जीबी म्हणजे काय, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना गाण्याच्या मापाने मोजून दाखवतो. १२८ केबीपीएस या चांगल्या प्रतीचे ध्वनिमुद्रण तासाला सुमारे ५८ एमबी खाते. दीड जीबीत असे सव्वीस तासांचे गाणे बसते. दिवस चोवीस तासांचा आहे. झोप, जेवण, वर्ग, रियाझ सगळे सोडून मुलगा गाणेच ऐकत बसला तरी मध्यरात्री काही उरेलच, आणि बहुतेक पॅकांत ते उरलेले बारा वाजता बुडते. उलट महिन्याचे २ जीबी म्हणजे जवळजवळ पस्तीस तासांचे गाणे, म्हणजे रोज तासाहून थोडे अधिक. रोज तासभर नीट लक्ष देऊन ऐकणारा विद्यार्थी मला सापडला तर मी त्याला स्वतः पेढे देईन.

कोणी म्हणेल, मुले गाणे कुठे ऐकतात, ती चित्रफिती पाहतात. खरे आहे. चित्राला दहापट डेटा लागतो हेही खरे. पण विद्यापीठाची व्याख्याने, यूट्यूबवरच्या जुन्या मैफली, परीक्षेच्या टिपणांच्या फायली हे सारे महाविद्यालयाच्या किंवा वसतिगृहाच्या वायफायवर उतरवून ठेवता येते. तिथे ती सोय आहे की नाही, आणि रात्री दहानंतर चालते की नाही, ही चौकशी सिम घेण्याच्या आधी करावी. ती सोय असेल तर लहान पॅक पुरतो. नसेल तर मोठा घ्यावा लागेल, त्यात लाज नाही. आधी मोठा पॅक घेऊन मग तो संपवायला काहीबाही पाहत बसणे, हा प्रकार मात्र मला पटत नाही. जेवणाच्या थाळीचे पैसे दिलेत म्हणून चौथी पोळी गिळणारे आपल्याकडे आहेतच. त्यांच्या पोटाचे जे होते तेच या मुलांच्या रात्रींचे होते.

हे सारे मी एरवी बोललो नसतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे बेळगावाकडची एक मुलगी शिकत होती. आवाज रुंद, तालाला पक्की. मी आठवड्याला एक बंदिश किंवा आलापीचा एखादा तुकडा मुद्रित करून विद्यार्थ्यांना पाठवतो. हिने लागोपाठ दोन आठवडे तो ऐकलेला नव्हता. आळस असेल असे समजून मी थोडे खडसावले, तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "सर, रिचार्ज संपला होता. बाबांकडे या महिन्यात पुन्हा मागायचे कसे?" तिच्या दुकानदाराने तिला पहिल्याच दिवशी रोज २ जीबीचा पॅक लावून दिला होता. त्यावर फाइव्ह-जी अमर्याद मिळते, हे त्याचे आकर्षण. जुलै २०२४ नंतर दोन मोठ्या कंपन्यांनी अमर्याद फाइव्ह-जी हे रोज २ जीबी आणि त्यावरच्या पॅकांपुरतेच ठेवले आहे. पण या मुलीचा फोन मुळात फोर-जीचा! जे तिला मिळणारच नव्हते त्याचे पैसे ती चार महिने भरत होती, आणि पैसे संपले तेव्हा जे हवे होते तेही गेले. वडील लहानशा नोकरीतले. मुलीला गाणे शिकायला परगावी पाठवले म्हणून नात्यात आधीच बोलणी खात असलेले. तिला वाटे, मोबाइलसाठी पैसे मागितले की गाण्यावरच संक्रांत यायची. ही भीती खोटी नव्हती. आपल्या घरांत मुलाचा रिचार्ज कोणी मोजत नाही, मुलीचा मोजतात.

स्वस्त म्हणून कंपनी निवडताना दुसरा विचार करावा तो पोहोचीचा. ज्या खोलीत आपण झोपणार तिथे त्या कंपनीचा आवाज येतो का? दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, वाडीत अजून हात-दीड हात रुंदीच्या भिंतींची घरे आहेत आणि विद्यार्थ्यांना खोल्या मिळतात त्या तिथेच, मागच्या बाजूला. अशा भिंतींतून कमी कंप्रतेच्या लहरी बऱ्या शिरतात, जास्त कंप्रतेच्या अडतात. शेजारच्या घरातल्या डग्ग्याचा घुमारा आपल्याला ऐकू येतो पण चाट ऐकू येत नाही, त्यातला प्रकार समजावा. रस्त्यावर फोनच्या माथ्यावर पाच दांड्या आणि खोलीत एकही नाही, असे म्हणूनच होते. कंपन्यांना आता त्यांचे पोहोचीचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात; २०२५ पासून ते पाहता येतात. नकाशा पाहावा, पण नकाशात भिंत नसते. शेजारच्या खोलीतल्या मुलाचा फोन पाच मिनिटे मागून घ्यावा, दार लावावे आणि घरी फोन करावा. याहून चांगली परीक्षा मला ठाऊक नाही.

घरी सगळ्यांचे एकाच कंपनीचे आहे म्हणून मीही तेच घेतो, असे सांगणारी मुलेही भेटतात. एके काळी यात अर्थ होता; एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत बोलणे महाग पडे. कंपन्यांनी एकमेकींना मिनिटाला सहा पैसे देण्याची पद्धत १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली, आणि बोलणे पॅकातच धरलेले असते. तेव्हा काकांचे अमुक कंपनीचे आहे हे कारण आता उरले नाही. काकांना वाईट वाटू नये एवढ्यापुरते असेल तर गोष्ट वेगळी.

आता कानाविषयी थोडे. जुन्या टेलिफोनवर साधारण ३०० पासून ३,४०० कंपनांपर्यंतचाच आवाज जाई. पुरुषाचा खर्ज त्याच्या कितीतरी खाली. तो आपण ऐकतो असे वाटे, पण वरच्या उपस्वरांवरून मन तो भरून काढी. फोर-जीवरच्या व्होल्टे बोलण्यात ही मर्यादा खाली ५० आणि वर ७,००० पर्यंत जाते, मात्र दोन्ही टोकांना ती सोय हवी. म्हणून गाणे शिकणाऱ्याने व्होल्टे नीट चालते का ते पाहून घ्यावे. एवढ्याने फोनवर गाणे शिकवता येते असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही सर्वांनी तो प्रयोग केला. आवाज पोचायला लागणारा क्षणार्धाचा उशीर तालाला पुरून उरतो. गुरू समेवर आणि शिष्य तिच्या मागे. आणि तंबोऱ्याची तर काय दशा! ही बोलण्याची यंत्रे अखंड चालणारा नाद म्हणजे पंख्याची घरघर समजून पुसून टाकतात. महागातला पॅक घेतल्याने यातले काही सुधारत नाही. मुद्रित करून पाठवावे, शिष्याने गाऊन परत पाठवावे, हेच बरे. आणि ते लहान पॅकात आरामात होते.

सरकारी बीएसएनएलविषयी मुले हटकून विचारतात, कारण २०२४ च्या दरवाढीत ती सामील झाली नाही आणि पुष्कळ लोक तिकडे गेले. तिची देशी फोर-जी सेवा देशभर सुरू झाल्याचे २७ सप्टेंबर २०२५ रोजी जाहीर झाले. दर कमी आहेत. तुमच्या खोलीत ती येत असेल तर डोळे मिटून घ्या. येत नसेल तर स्वस्ताई भिंतीबाहेरच राहते. फोनमध्ये दोन सिमे बसत असतील तर घरचा जुना क्रमांक एकात ठेवून दुसऱ्यात हा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही.

क्रमांक मात्र बदलू नये. बँक, आधार, विद्यापीठाचा अर्ज, शिष्यवृत्ती सगळे त्याला टांगलेले असते. बेळगावचा किंवा इंदूरचा क्रमांक बडोद्यात तसाच चालतो, आणि कंपनी बदलायची तर क्रमांक ठेवून बदलता येते. २०११ च्या जानेवारीपासून ही सोय देशभर आहे आणि २०१५ पासून दुसऱ्या राज्यात गेल्यावरही आहे. इंग्रजी अक्षरांत पोर्ट हा शब्द आणि पुढे आपला क्रमांक लिहून १९०० वर संदेश पाठवायचा, आठ अक्षरांचा संकेत येतो, तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचे. एका कंपनीत नव्वद दिवस झालेले असावे लागतात, एवढी अट लक्षात ठेवावी. म्हणजे पहिली निवड चुकली तरी तीन महिन्यांत सुटका आहे. दुकानदार "वर्षाचा एकदम भरा, स्वस्त पडेल" म्हणतो तेव्हा हे आठवावे. पोहोचीची खात्री होण्याआधी वर्षाचे पैसे गुंतवू नयेत.

मला काळजी वाटते ती वेगळीच. लहान पॅक हळूहळू दिसेनासे होत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये रोज १ जीबीचे २४९ रुपयांचे पॅक जिओ आणि एअरटेल या दोघांनीही आपल्या यादीतून मागे घेतले. ज्याला थोडे पुरते त्यालाही पुष्कळ घ्यायला लावायचे, ही रीत चालू राहिली तर गरीब विद्यार्थी आणि श्रीमंत विद्यार्थी यांचा खर्च एक होईल, आणि त्याला समता म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने केवळ बोलणे आणि संदेश एवढेच देणारे पॅक ठेवणे कंपन्यांना भाग पाडले. घरच्या आजीसाठी ती सोय उत्तम झाली. तशीच सक्ती थोड्या डेटाच्या पॅकासाठी का होऊ नये? कंपन्या म्हणतील, मनोरे उभारायला पैसा लागतो. लागतोच. पण तो बेळगावच्या त्या मुलीने न वापरलेल्या जीबींतून का काढावा?

तोवर आपल्या हातात आहे तेवढे तरी करू. या शहरातल्या आपल्या मराठी मंडळांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांत शुल्क, पुस्तके, खाणावळ असे रकाने असतात. त्यात रिचार्जचा रकाना घालावा. २०२४ च्या दराने छोट्या पॅकाचे वर्षाचे २,४५७ रुपये होतात, आणि आज थोडे अधिक धरू. मुलीला ते घरी मागावे लागणार नाहीत. आणि ज्यांच्या घरात विद्यार्थी भाड्याने राहतात त्यांनी आपल्या वायफायचा संकेत त्यांना सांगावा. संध्याकाळी सात ते नऊ म्हणून वेळ ठरवून दिली तरी चालेल.