कमाल नव्हे, किमान वेग पाहा

मॉडेल बनवणारे, सर्किट बोर्ड जुळवणारे, लाकडात नक्षी कोरणारे अशा हौशी मंडळींच्या टेबलावर आता हातात मावणारे रोटरी टूल हटकून दिसते. अल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ साली अमेरिकेतील रसीन येथे सुरू केलेल्या कंपनीने हे अवजार घरोघरी पोहोचवले. आज बाजारात त्याचे डझनावारी अवतार आहेत, आणि ग्राहक भुलतो तो ‘शंभर बिट्स मोफत’ आणि ‘३५,००० आरपीएम’ या दोन गोष्टींना. आमच्या मते दोन्ही निकष चुकीचे आहेत.

हे यंत्र ताकदीवर नव्हे, वेगावर काम करते. पण वेग हवा तसा उतरवताही आला पाहिजे. ॲक्रिलिकची पट्टी भरधाव डिस्कने कापू गेले तर ती कापली जाण्याऐवजी वितळते आणि त्याचा गोळा डिस्कलाच चिकटून बसतो. तारेचा ब्रश १५,००० च्या वर नेला की तारा तुटून उडतात. म्हणून दुकानदाराला किमान वेग विचारा. तो ५,००० पर्यंत खाली येत असेल तर यंत्र कामाचे.

त्याहून महत्त्वाचे कोलेट, म्हणजे बिट पकडणारा भाग. बहुतेक बिटांचा दांडा ३.२ मिलिमीटरचा असतो. बारीक ड्रिलसाठी त्याहून लहान कोलेट लागतात, ते मिळतात का ते पाहा. दुकानातच एक सरळ दांडा बसवून यंत्र कमी वेगावर चालवा. दांड्याचे टोक एका जागी स्थिर दिसण्याऐवजी धूसर वर्तुळ दिसले, तर ते यंत्र परत द्या. असा डगमगणारा दांडा बारीक ड्रिल मोडतो आणि हातालाही झिणझिण्या आणतो. मोटरमधले झिजणारे कार्बन ब्रश बाहेरून बदलता येतात का आणि ते आपल्या गावात मिळतात का, हेही तिथेच विचारून घ्यावे.

परदेशातून नातेवाइकांकरवी यंत्र मागवणाऱ्यांनी जपावे. अमेरिकेतील यंत्र १२० व्होल्टचे असते. नुसती पिन बदलणारा ॲडॉप्टर लावून ते आपल्या २३० व्होल्टवर चालवले तर मोटर जळते.

३८ मिलिमीटरची डिस्क मिनिटाला २०,००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा तिची कड ताशी सुमारे १४० किलोमीटरने धावत असते. ती फुटली तर तुकडे त्याच वेगाने सुटतात. मोफत बिट्सचा मोठा संच सोडा आणि त्या पैशांत चांगला गॉगल घ्या.