सुनेचं आधी ऐका

परवा एसटी स्टँडवर एक ओळखीचे गृहस्थ भेटले. बोलता बोलता म्हणाले, "आमची आई हल्ली जरा विसरते. बायको सारखी मागे लागलीये, डॉक्टरांना दाखवा म्हणून. मी म्हटलं, अगं वय झालं आता." मी त्यांना तिथेच बाकावर बसवलं आणि आमच्या घरची गोष्ट सांगितली. तीच आज इथे लिहितोय. पोस्ट लांबलीये, पण घरात साठीच्या पुढचं माणूस असेल तर शेवटपर्यंत वाचा.

माझे वडील, अण्णा, एसटीत कंडक्टर होते. तेहतीस वर्षं नोकरी. खच्चून भरलेल्या गाडीत उभ्याने तिकिटं फाडायची आणि रात्री डेपोत पैसे भरताना रुपयाचाही फरक नाही. हिशेब म्हणजे त्यांच्या हातचा मळ.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी माझी बायको मला म्हणाली, "अण्णा हल्ली दुकानात काहीही घेतलं तरी पाचशेचीच नोट देतात. मोड मोजायला नको म्हणून. मला ठीक वाटत नाही." मी हसलो. म्हटलं, आयुष्यभर मोड मोजली, आता कंटाळले असतील.

मग ती म्हणाली, सकाळपासून चार वेळा तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, आई गेल्याचा धक्का आहे. मग म्हणाली, रोजचं देऊळ सोडून भलत्याच गल्लीत उभे होते. मी म्हटलं, तू फार बारीक बघतेस.

आणि एक दिवस अण्णांनी चारचौघांत सांगितलं, "सुनेने माझे पेन्शनचे पैसे उचलले." लिहायला लाज वाटते, पण त्या रात्री मी बायकोला विचारलं, "तू घेतलेस का?" आठवड्याने पैसे तांदळाच्या डब्यात सापडले. अण्णांनीच ठेवले होते. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, मग ती कोणीतरी चोरली असं वाटतं, हे या आजाराचं नेहमीचं लक्षण आहे हे मला फार उशिरा कळलं. आणि आळ येतो तो बहुधा सर्वात जास्त सेवा करणाऱ्या माणसावरच, कारण तेच दिवसभर समोर असतं.

शेवटी एका पहाटे अण्णा घरातून निघून गेले. स्टँडवर सापडले. "ड्युटी आहे," म्हणाले. त्यानंतर आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी अण्णांना घड्याळ काढायला सांगितलं, तारीख-वार विचारला, रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचा स्कॅन करायला लावला. मग मला विचारलं, "हे कधीपासून?" मी म्हणालो, सहा महिने. मागून बायको म्हणाली, "तीन वर्षं." आणि तिने पाचशेच्या नोटेपासून सगळं क्रमाने सांगितलं. त्यानंतर डॉक्टरांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

त्या खोलीत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डिमेन्शिया लवकर ओळखायचा तर पहिली गोष्ट लागते ती मशीन नव्हे. घरात कोणाच्या शब्दाला किंमत आहे, यावर सगळं अवलंबून आहे. ज्या बाईच्या हातचं माणूस रोज जेवतं तिला बदल आधी दिसतो. पण सून बोलली की ती सासऱ्याची तक्रार ठरते. मुलगी बोलली तर "तू दोन दिवसांची पाहुणी". आणि आम्ही पुरुष "साठी बुद्धी नाठी", "म्हातारचळ लागलाय" म्हणून हसण्यावारी नेतो. या दोन म्हणींनी आमच्या घरात तीन वर्षं खाल्ली.

कोणी विचारेल, लवकर कळून तरी काय फायदा? आजार बरा थोडाच होतो? खरं आहे, पूर्ण बरा करणारं औषध आज नाही. गोळ्यांनी काहींची लक्षणं काही काळ सावरतात, एवढंच. तरीही लवकर कळण्याने तीन गोष्टी होतात.

एक, सगळंच विसरणं डिमेन्शिया नसतं. बी १२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणं, झोपेच्या किंवा इतर काही गोळ्या, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त, यांनीही माणूस गोंधळतो. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. आणि दोन-चार दिवसांत अचानक भ्रम झाला तर वाटच बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीचा साधा जंतुसंसर्गही म्हाताऱ्या माणसाला भ्रमात टाकतो.

दोन, माणूस स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ शकतो. मृत्युपत्र, खात्यावर दुसरं नाव, शेतीची वाटणी, पुढे आपली काळजी कोणी घ्यायची. हे समज शाबूत असतानाच होतं. पुष्कळांना वाटतं, कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं. पण देणाऱ्याची समज गेली की करार कायद्याप्रमाणे ते पत्रच संपतं. मग स्वतःच्याच बापाचा पालक नेमून घ्यायला अनेक कुटुंबांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली आहे.

तीन, घरातला संशय मिटतो. आजाराचं नाव कळलं की राग माणसावरून आजारावर जातो. आमच्या घरात सर्वात मोठा फरक याने पडला.

आता अण्णांशी कोणी वाद घालत नाही. "ड्युटी आहे" म्हणाले की मी आधी सांगायचो, "अण्णा, तुम्ही रिटायर झालात." मग आरडाओरड. बायको म्हणते, "अण्णा, आज तुमची साप्ताहिक सुट्टी आहे." ते शांतपणे चप्पल काढतात. दुपारी ती त्यांना नाण्यांचा डबा देते, ते तासभर रुपया-दोन रुपयांच्या चळती लावतात. खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेलं कार्ड असतं, दाराला वरची कडी असते, संध्याकाळी घाबरतात म्हणून दिवे लवकर लागतात. हे सगळं तिने शोधलं.

अण्णांना रोज साप्ताहिक सुट्टी आहे. तिला एकही नाही.

इथून प्रश्न घरातला राहत नाही. आपल्या देशातल्या राष्ट्रीय पातळीवरच्या अभ्यासाचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला: साठीच्या पुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं डिमेन्शियाने ग्रासलेली आहेत. शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त. आणि व्यवस्था काय आहे? आशाताई घरोघरी तपासणीचा फॉर्म भरतात. त्यात साठीवरच्यांना विसरण्याबद्दल एक प्रश्न आहे: जवळच्यांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? आमच्याकडे विचारलं तेव्हा अण्णांनी ठणकावून "नाही" सांगितलं आणि पत्ताही बरोबर सांगितला. त्याच आठवड्यात पेन्शन तांदळाच्या डब्यात होती. दोष आशाताईंचा नाही, प्रश्नाचा आहे. घराचा पत्ता विसरेपर्यंत फार उशीर झालेला असतो. शिवाय विसरणाऱ्यालाच "विसरता का" विचारून काय कळणार?

सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांचं संरक्षण मिळालं, चांगलंच झालं. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. हा आजार भरती होऊन राहण्याचा नाही, घरी वर्षानुवर्षं सांभाळण्याचा आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, आणि नगरसेवक असो की आमदार, मत मागायला येईल त्याला मी त्या सांगणार आहे.

त्या फॉर्ममध्ये घरच्यांसाठी एक प्रश्न घाला: "गेल्या वर्षभरात यांच्या पैशाच्या व्यवहारात, बोलण्यात, रोजच्या कामात बदल दिसतो का?" आणि तो सांभाळणाऱ्या बाईला बाजूला घेऊन विचारा.

उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक ठरलेला दिवस स्मृती तपासणीचा ठेवा. जिल्ह्याला जायचं म्हणजे गाडी, रजा आणि वाटेत घाबरणारा म्हातारा माणूस.

आणि नगरपालिकेची जी विरंगुळा केंद्रं बांधून कुलूप लावून ठेवली आहेत, तिथे आठवड्यातून दोन दिवस अशा माणसांना चार तास सांभाळायची सोय करा. केरळात सरकारी मदतीने अशी डे-केअर केंद्रं चालवली गेली आहेत. आपल्याकडे इमारत तयार आहे, फक्त दोन प्रशिक्षित माणसं हवीत. त्या चार तासांत कोणी बँकेत जाईल, कोणी नुसतं झोपेल.

सरकार करेल तेव्हा करेल. आपल्या हातात आहे ते आज करू. माणूस चावी विसरला आणि नंतर आठवली, तर ते वय. पण आयुष्यभर केलेलं काम अडायला लागलं, स्वयंपाक करणारीच्या हातून फोडणीचा क्रम चुकायला लागला, हिशेबी माणूस मोड टाळायला लागला, तर डॉक्टर गाठा. कोणाशी बोलायचं कळत नसेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या ताणासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट आहेत. दुसरा नंबर सांभाळणाऱ्यांसाठीही आहे.

आणि घरातली बाई म्हणाली, "यांचं काहीतरी बदललंय," तर हातातला मोबाईल खाली ठेवा आणि विचारा, "काय काय बदललंय, सांग."

मी रविवारी अण्णांजवळ थांबतो, ती माहेरी किंवा मैत्रिणीकडे जाते. तीन वर्षं उशिरा सुरू केलं. स्टँडवरच्या त्या गृहस्थांचा काल फोन आला, सोमवारी आईला घेऊन जातायत. बायकोही बरोबर आहे. मी म्हटलं, डॉक्टरांसमोर तिलाच बोलू द्या.