वासराला मुसके नको, खुराक हवा



येवला, नांदगाव, सिन्नरच्या कोरडवाहू पट्ट्यात उन्हाळा लागला, की दावणीला वासरू भिंत चाटते, माती खाते, दावे चघळते. माळावर सोडले तर मेलेल्या ढोराचे हाड चावत बसते. आपण काय करतो? खोड लागली म्हणतो, नजर लागली म्हणतो आणि तोंडाला मुसके बांधून मोकळे होतो.

आम्ही सांगतो, ही खोड नाही. ही भूक आहे. पोटात कडबा असूनही राहिलेली भूक.

खताच्या गोणीवर आपण नत्र, स्फुरद, पालाश वाचतो. त्यातले स्फुरद जनावराच्या हाडालाही लागते. ज्वारी पिकताना ताटातले बहुतेक स्फुरद कणसात जाते. वाळल्या कडब्यात फार थोडे उरते. नुसत्या कडब्यावरचे जनावर मग हाडामागे लागते. मीठ कमी पडले की भिंत आणि मूत चाटते. दक्षिण आफ्रिकेत आर्नोल्ड थायलर या पशुवैद्याने 1920 च्या सुमारास हे दाखवून दिले. तिथल्या गवतात स्फुरद नव्हते म्हणून गुरे हाडे चावत आणि सडक्या हाडांतल्या विषाने लुळी पडून मरत. हाडांचा चुरा खाऊ घातला, तेव्हा ती हाडांचा नाद सोडू लागली. याला शंभर वर्षे झाली.

मग आपल्या शेतात स्फुरद पिकत नाही का? पिकते की! एक क्विंटल कापूस जिनात गेला, की रुई निघते 33-34 किलो आणि सरकी साठ किलोंच्या वर. स्फुरद त्या सरकीत असते. कापसाच्या गाडीतून ती जाते आणि तेल काढून झाल्यावर ढेप होऊन आपल्याच गावात येते, व्यापाऱ्याच्या भावाने. ज्वारीचा दाणा बाजारात, ताट गव्हाणीत. सत्त्व गावाबाहेर, भुसकट गावात!

दुधाचेही तेच. तीस किलोच्या वासराला वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे रोज तीन लिटर दूध हवे. संकलन केंद्रावर फॅट मोजतात, वासराचे पोट कोण मोजतो? दुधाच्या भावात ढेपेचा खर्च निघत नाही, म्हणून वासरू दोन घोट पाजून ओढून बांधले जाते. तोट्याचा हिशोब शेवटी सगळ्यात लहान तोंडावर फिटतो. वर साहेब शिबिरात सांगतात, शास्त्रशुद्ध संगोपन करा. करू, पण कशाच्या पैशातून?

तरीही सगळे खापर भावावर फोडून आपल्याला सुटता येणार नाही. काही गोष्टी आजच हातात आहेत. जन्मल्याबरोबर पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजा, खरवस नंतर. पहिल्या पंधरवड्यातच डॉक्टरांना विचारून जंताचे औषध द्या. म्हशीच्या पारड्याला आईच्या दुधातूनच जंत होतात आणि जंत झालेले वासरूही माती खाते. चारा खाऊ लागले की खुराकात रोज साधारण वीस ग्रॅम खनिज मिश्रण आणि चिमूटभर मीठ घाला. गव्हाच्या कोंड्यात स्फुरद भरपूर असते. सरकीची ढेप मात्र गाई-बैलांपुढे ठेवा. तिच्यातले विष कोवळ्या वासराला सोसत नाही. मेलेले ढोर माळावर टाकू नका, खोल पुरा.

आणि जिल्हा बैठकीला येताना दुधाच्या खर्चाचा कागद आणा. त्यात वासराने प्यायलेले दूध, ढेप, खनिज, औषध, घरच्या बाईची मजुरी, सगळे मांडा. त्या कागदावर आम्ही भाव मागणार आहोत. भीक नव्हे, खर्च भरून निघेल असा भाव.

वासराचे मुसके आज सोडा. आपल्या तोंडाचे बैठकीत सोडू.