आमच्या माइकचा कान कोणी पिळला?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे दोन-तीन मेल आले, "ब्लॉग बंद केलास की काय" म्हणून. बंद केला नव्हता, वैतागलो होतो. आज तो वैतागच लिहून काढतो. विषय थोडा तांत्रिक आहे, पण नातेवाईक मंडळींनी मधेच सोडून जाऊ नये, कारण यात मोठे बाबा आहेत.

जे नात्यातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वय ८२, मुक्काम नागभीड, जुनंच कौलारू घर. तरुणपणी दंडारीत नाचले, गायले. पुढे भजनात खंजेरी धरली ती सुटलीच नाही. तुकडोजी महाराज गेले १९६८ साली. त्यांची खंजेरी समोर बसून ऐकलेली माणसं आता किती उरली असतील? मोठे बाबा त्यांतले एक. त्यांच्याकडे दंडारीतली जी गाणी आहेत त्यांतली निम्मी मी दुसऱ्या कुणाच्याही तोंडून ऐकलेली नाहीत. वही नाही, कागद नाही. सगळं तोंडपाठ, तेही आमच्या झाडीबोलीतलं, ज्यातला 'ण' शाळेतल्या गुरुजींनी कितीही छडी मारली तरी 'न'च राहिला.

तर ही गाणी नोंदवून ठेवायची असं मागच्या दिवाळीआधी ठरलं. अडचण एकच. मोठे बाबा रेकॉर्डरसमोर गात नाहीत. "डबीपुढं काहून गाऊ गा? डबी का वाहवा करते?" हे त्यांचं म्हणणं. मला ते पटतंही. मग युक्ती काढली. दर रविवारी रात्री आठला व्हिडिओ कॉल. पुण्याची ताई, बंगलोरचा भाचा, न्यू जर्सीतला दादा आणि त्याची दोन कार्टी, सगळे पडद्यावर. नातवंडं दिसली की म्हातारा खुलतो. लॅपटॉप स्टुलावर, मोठे बाबा खाटेवर, आणि कॉल चालू असतानाच शेजारी ऑडॅसिटी चालू करून मी लॅपटॉपवरच वेगळं रेकॉर्डिंग करायचो. कॉलचा आवाज तुटला तरी चालेल, आपल्याकडे मूळ प्रत राहील, असा माझा हुशार हिशेब.

अकरा रविवार झाले. रेकॉर्डिंग करताना मी हेडफोन लावून ऐकलं नाही. हा माझा गाढवपणा, तो आधीच कबूल करून टाकतो. आठव्या रविवारनंतर सहज म्हणून ऐकायला बसलो आणि पोटात गोळा आला.

पहिली दहा सेकंदं छान. मग खंजेरीवर पहिली थाप पडते, आवाज फाटतो, आणि त्यानंतर मोठे बाबा जणू आंगणाच्या पलीकडून, विहिरीपाशी उभे राहून गातायत. गाणं संपतं, ते दम घ्यायला थांबतात, तसा पंख्याचा आवाज वर वर येत जातो. शेजारचा कुत्रा अगदी स्टुडिओत भुंकल्यासारखा स्वच्छ. पुन्हा थाप, पुन्हा विहीर. आठही रविवार हेच. आणि भाच्यानं कॉलचंच रेकॉर्डिंग ठेवलं होतं ते त्याहून भारी निघालं. त्यात खंजेरीच नाही! थापेच्या जागी नुसता खड्डा, आणि लांबवलेला सूर मधेच विरघळलेला.

झालं होतं ते असं. कॉलच्या सॉफ्टवेअरनं (नाव घेत नाही, सगळे एका माळेचे मणी) माझ्या लॅपटॉपची माइकची पट्टी स्वतःच्या हातानं सरकवली होती. स्वतःच्या खिडकीतली नाही हं. माझ्या संगणकाची, सगळ्यांच्या सामायिक वापरातली. मी ती सत्तरवर ठेवून यायचो, खंजेरी वाजली की ती फट्दिशी वीसच्या खाली. मग कोणी बोलत नाहीसं पाहून हळूहळू वर. ऑडॅसिटी बिचारी शेजारी बसून इमानेइतबारे नोंदवत होती, पण नोंदवणार काय? नळच बारीक केला तर बादली काय करील.

याला ऑटोमॅटिक गेन कंट्रोल म्हणतात. बोलणारा माइकपासून लांब असला तर आवाज वाढवायचा, जवळ येऊन ओरडला तर कमी करायचा. कल्पना वाईट नाही. गूगलनं २०११ साली वेबआरटीसी नावाची जी मुक्त प्रणाली खुली केली, जिच्यावर आज न्याहाळकातले (ब्राउझर हो, ब्राउझर) बहुतेक कॉल चालतात, तिच्यातही हे आहे. त्याच्या जोडीला गोंगाट गाळणारी चाळणी असते. ही चाळणी बोलण्याच्या आवाजावर बेतलेली. बोलणं ठेवायचं, बाकी टाकायचं. तिच्या लेखी खंजेरी म्हणजे कुणीतरी टेबल आपटतंय, आणि पाच सेकंद धरलेला सूर म्हणजे कूलरची घरघर.

जात्यावरच्या ओव्यांचं काम आठवा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून लाखभर ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार बेल त्यात आले आणि बायांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले. आज ते 'पारी'च्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतात. कल्पना करा, हेच काम आज कोणी लॅपटॉप उघडून, कॉल लावून केलं असतं तर? जात्याची घरघर हा या चाळणीच्या मते शुद्ध कचरा. ओवी उरली असती, जातं गेलं असतं. बहुधा ओवीही धड उरली नसती.

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, सामान्य माणसाला पट्ट्या कुठे सरकवता येतात? त्याच्या सोयीसाठीच आहे ना हे? मान्य. शंभरातल्या नव्वद जणांना मीटिंगमध्ये "हॅलो, आवाज येतोय का" एवढंच हवं असतं. त्यांना द्या की सोय! माझं भांडण सोयीशी नाहीच. पण ती तुमच्या घरात करा. माइककडून जो आवाज तुमच्या हाती आला तो तुमच्या हद्दीत हवा तेवढा वाढवा, कमी करा, तळा, भाजा. ते आकडेमोडीनं होतं, त्यासाठी माझ्या यंत्राची मूळ पट्टी हलवायची गरज नाही. मूळ पट्टी खाली गेली की शेजारच्या प्रत्येक प्रोग्रॅमला त्याची झळ लागते, आणि नुकसान भरूनही येत नाही. मी ऑडॅसिटीत ते गाणं नंतर मोठं करून पाहिलं. मोठे बाबा मोठे झाले, त्यांच्याबरोबर पंखा आणि सुस्कारेही तेवढेच मोठे झाले. आत येतानाच जे बारीक आलं ते नंतर फुगवता येतं, परत मिळवता येत नाही.

पाहुणा आला, त्याला उकडतंय म्हणून त्यानं पंखा वाढवला तर आपण काही म्हणत नाही. पण त्यानं उठून मीटरपेटीच उघडली तर?

यावर एक मित्र म्हणाला, "आवाज कमी-जास्त करणारा माणूस तर तुमच्या झाडीपट्टीच्या नाटकातही असतोच." असतो ना! दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या कंपन्यांची नाटकं रात्र रात्र चालतात, तेव्हा मंडपाच्या कडेला ॲम्प्लिफायरपाशी जो पोरगा मफलर गुंडाळून बसलेला असतो, त्याचा हात सतत बटणावर असतो. पण तो नाटक ऐकत असतो. खलनायक आता ओरडणार आहे, लावणी आता सुरू होणार आहे, हे त्याला ठाऊक असतं. आणि मुख्य म्हणजे, "या गाण्याला हात लावू नको रे" असं सांगितलं की तो लावत नाही. ह्या सॉफ्टवेअरला सांगायला तोंड कुठाय?

खरं सांगायचं तर जुन्या कॅसेटच्या टेपरेकॉर्डरमध्येही आपोआप पातळी धरणारं सर्किट असायचं. आमच्या घरच्या एका कॅसेटवर आजीच्या आवाजामागे असाच भाता वर-खाली होताना ऐकू येतो. म्हणजे हा रोग नवा नाही. पण तो टेपरेकॉर्डर निदान स्वतःपुरता शहाणा होता. शेजारच्या घरातल्या रेडिओचं बटण फिरवायला जात नव्हता.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती परवानगीच्या नाटकाची. २०१८ मध्ये ॲपलनं मॅकच्या मोजावे आवृत्तीत प्रत्येक प्रोग्रॅमनं माइक वापरण्याआधी विचारलंच पाहिजे अशी सोय केली. आता बहुतेक सगळीकडे तशी खिडकी येते, "अमुक तमुक तुमचा माइक वापरू इच्छितो, चालेल का?" फार छान. पण मी 'हो' म्हणालो ते ऐकण्याला! कान पिळायला नाही. ऐकण्याची परवानगी आणि बटण फिरवण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे या मंडळींना कळत नसेल असं मला वाटत नाही. दुसरी खिडकी दाखवली तर लोक 'नाही' म्हणतील, एवढंच.

असो. नुसतं शिव्या देऊन भागत नाही, तेव्हा मी काय काय केलं ते सांगतो. झूममध्ये ऑडिओच्या सेटिंगात माइकचा आवाज आपोआप जुळवण्याची एक खूण असते, ती काढता येते. शिवाय 'ओरिजिनल साउंड' म्हणून पर्याय आहे, तो लावला की चाळणी बाजूला होते. टीम्समध्येही तशी खूण आहे. विंडोजमध्ये माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'एक्स्क्लुझिव्ह कंट्रोल'ची खूण काढा असा सल्ला जालावर जो तो देतो. मीही काढली. पण ती खूण एखाद्या प्रोग्रॅमनं माइक एकट्यानं बळकावून बसू नये यासाठी आहे, पट्टी सरकवण्यावर तिचा भरवसा धरू नका. लिनक्सवाल्यांचं बरं आहे. तिथे पाइपवायरमध्ये 'ब्लॉक-सोर्स-व्हॉल्यूम' असा नियमच एखाद्या प्रोग्रॅमच्या नावानं लिहिता येतो, आणि तो कशासाठी तर नेमका हा आगाऊपणा थांबवण्यासाठी, असं त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. म्हणजे हे करता येतं! फुकटात काम करणाऱ्या लोकांनी केलंय. मग पैसेवाल्यांना का जमू नये?

विंडोजवर लोक काय करतात ते ऐका आणि हसा. नीरसॉफ्टचं नीरकमांड नावाचं एक पिटुकलं साधन आहे. ते दर सेकंदाला माइकची पट्टी पुन्हा आपल्या जागी आणून ठेवतं. ६५,५३५ पैकी अमुक इतकी, असा आकडा त्याला द्यायचा आणि सोडून द्यायचं. म्हणजे माझ्याच संगणकात, माझ्याच विजेवर, एक प्रोग्रॅम पट्टी खाली ओढतोय आणि दुसरा दर सेकंदाला वर. मी मधे गाणं रेकॉर्ड करतोय! नवव्या रविवारी मी हेही केलं. चाललं बऱ्यापैकी. दहाव्याला आणि अकराव्याला खुणा काढून, चाळणी बंद करून केलं, ते उत्तम आलं. खंजेरीच्या चकत्यांची किणकिण सुद्धा ऐकू येते.

म्हणजे अकरांतले तीन. उरलेले आठ पुन्हा करू, असं मोठ्या बाबांशी ठरलंही होतं.

संक्रांतीच्या आठवड्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. आता बरे आहेत, काठी घेऊन ओसरीपर्यंत येतात, सगळं समजतं. पण जीभ जड झाली. बोलणं निम्मं कळतं. गाणं नाही. मी त्यांना बरं वाटावं म्हणून पहिल्या रविवारचं रेकॉर्डिंग लावलं, तेही नेमकं भाच्याकडचं, कारण त्यात निदान शब्द तरी जरा स्पष्ट होते. ऐकता ऐकता त्यांनी डावा हात वर केला, हवेत दोनदा थाप मारली आणि माझ्याकडे बघितलं. खंजेरी कुठं गेली, असं विचारत होते. मी काय सांगणार, संगणकाला तो गोंगाट वाटला म्हणून?

त्या आठ रविवारांत नागभीड-इतवारी छोट्या गाडीवरचं गाणं आहे. ती गाडी २०१९ मध्ये बंद झाली, आता तिच्या गाण्याची चाल विहिरीपलीकडून येते आणि तिसऱ्या कडव्याचे शब्द मला अजून लागलेले नाहीत. ताई, तुला तेव्हा कॉलवर ते नीट ऐकू आलं होतं का? आठवत असेल तर कळव. दादा, तूही. कोणाला एखादी ओळ आठवली तरी चालेल.

एक आशा आहे. तळोधीला मोठ्या बाबांचा दंडारीतला जुना जोडीदार आहे. त्याला ही गाणी थोडीफार येतात असं मोठी आई म्हणते. येत्या रविवारी सकाळी जातोय. या वेळी यूएसबीची एक छोटी पेटी घेतली आहे, तिला आवाजाचं खरंखुरं, बोटांनी फिरवायचं बटण आहे. ते कुठल्याही प्रोग्रॅमला फिरवता येत नाही. मोठे बाबाही येणार म्हणून हटून बसलेत, खंजेरी डाव्या हातात धरून. म्हाताऱ्याला गायला समोर माणसं लागतात, तेव्हा ज्यांना जमेल त्यांनी खरोखरच या. कॉल लावणार नाही.