हरणांची गणती पुरे, आधी गवत मोजा

वन्यजीवांच्या विज्ञानवार्ता आपल्याकडे बहुधा ट्रकच्या दारापाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. दार उघडते, प्राणी झेप घेतो, छायाचित्र निघते, आकडा जाहीर होतो. कान्ह्याचे बारशिंगे २०१५ मध्ये सातपुड्यात आणि २०२३ मध्ये बांधवगडात नेले, तेव्हाही हेच झाले. हे काम वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण हरणांची संख्या हा परिणाम आहे. त्याचे कारण गवत आहे. परिणामाचा गौरव करायचा आणि कारणाकडे पाठ फिरवायची, याला विज्ञान म्हणत नाहीत.

पुरावा जबलपूरपासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. कठीण जमिनीवर वावरणारा बारशिंगा ही मध्य भारतातील उपजाती. १९५३ मध्ये कान्ह्यात असे ५५१ प्राणी मोजले गेले होते. १९५५ मध्ये कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९७० मध्ये उरले केवळ ६६! संरक्षणाचा फलक लावून पंधरा वर्षे लोटली होती, तरी प्राणी घटतच गेला. का? बारशिंगा जवळजवळ सर्वस्वी गवतावर जगतो आणि त्याची मादी पाडसाला उंच गवतात दडवते. दरवर्षीच्या वणव्यांनी आणि गुरांच्या चराईने ते उंच गवतच नाहीसे केले होते. क्लॉड मार्टिन या स्विस संशोधकाने १९७१ ते १९७३ या काळात कान्ह्यात राहून बारशिंग्याचा अभ्यास केला. पुढे आगीवर नियंत्रण आले, कुंपणबंद कुरण झाले, तळी खोदली गेली, तण उपटले जाऊ लागले. आज तिथे बारशिंगे हजाराच्या घरात आहेत. ही किमया ट्रकची नव्हे, गवताची आहे.

ही कुरणे आयती मिळालेली नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. १९६९ मध्ये सौंफ गाव उठले. नंतर आणखी गावे उठली. आज पर्यटक ज्या हिरव्या मैदानांवर दुर्बिणी रोखतात, त्यांतील कित्येक बैगा आणि गोंड कुटुंबांची शेते होती. त्यांच्या घरादाराची किंमत मोजून मिळालेली कुरणे तणांच्या हवाली करणे, हा त्याच माणसांवर केलेला दुसरा अन्याय ठरेल.

‘निसर्गाला त्याच्यावर सोडा’ असे पुष्कळ जण म्हणतात. ऐकायला गोड, पण कुरणाच्या बाबतीत खोटे! सोडून दिलेल्या कुरणात आधी झुडपे शिरतात, मग झाडे. शोभेसाठी परदेशातून आणलेली घाणेरी एकदा माजली की तिच्या सावलीत गवत उगवत नाही. हरणाला ती खाताही येत नाही. जंगल जितके लहान, तितका हा ऱ्हास लवकर जाणवतो. अमेरिकेत स्वतःच्या थोड्याशा जमिनीवर हरणांची शिकार करणारे जमीनमालकही आधी दाट झाडी विरळ करून जमिनीवर ऊन पाडतात, पाडसांसाठी आडोसा राखतात, चाऱ्याची सोय करतात. मारण्यासाठी हरीण वाढवणाऱ्याला जे कळते, ते जगवण्यासाठी वाढवणाऱ्यांना कळू नये?

न कळण्याचे कारण आपल्या हिशोबाच्या वहीत आहे. एक हेक्टरहून मोठ्या जमिनीवर दहा टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असले, की सरकारी सर्वेक्षणात ते ‘वनाच्छादन’ ठरते. या व्याख्येत आंब्याची बाग बसते. गवताळ माळ बसत नाही. तो ‘पडीक’! २ जुलै २०१७ रोजी नर्मदेच्या खोऱ्यात एका दिवसात सहा कोटींहून अधिक रोपे लावल्याचे मध्य प्रदेश शासनाने जाहीर केले. माझा विरोध झाडांना नाही. प्रत्येक मोकळी जमीन म्हणजे झाडांची रिकामी जागा, या समजुतीला आहे. माळावर रोप लावणारा हात गवताचे ऊन हिरावतो, आणि त्यालाच आपण पर्यावरणप्रेम म्हणतो.

जबलपुरात उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था आहे, राज्य वन संशोधन संस्था आहे, देशाचे तण संशोधन संचालनालयही याच शहरात आहे. म्हणजे वन आणि तण या दोहोंचे ज्ञान एकाच गावात नांदते. मग प्राणिगणनेच्या प्रत्येक आकड्याशेजारी तीन आकडे छापायला काय हरकत आहे? खाण्याजोग्या गवताचे क्षेत्र किती, पाडसे जन्मतात त्या ऋतूत गवताची उंची किती, आणि तणांखाली गेलेली जमीन किती.

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी ट्रकच्या उघड्या दाराचे छायाचित्र पाहाल, तेव्हा टाळी वाजवण्यापूर्वी एवढेच विचारा : हा प्राणी उतरल्यावर खाणार काय, आणि त्याचे पाडस लपणार कुठे?