कुठलं देऊळगाव?

चिखलीच्या एसटी स्टँडवरून गाडीत बसा आणि कंडक्टरकाकांना नुसतं म्हणा, "एक हाफ द्या, देऊळगाव!" काका तिकीट फाडायच्या आधी विचारतील, "कोणतं रे बाबू? राजा, मही, माळी की साकर्शा?" ही चारही देऊळगावं आपल्या बुलढाणा जिल्ह्यातच आहेत. नुसत्या देऊळगाववर भागत नाही, म्हणून नावापुढे शेपूट आलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगावचंही तसंच. खानदेशात मोठं जळगाव आहे, म्हणून आपलं ते जळगाव जामोद. जामोद हे त्याच्या शेजारचं गाव. म्हणजे नावातच पत्ता!

दोस्तांनो, नावांचा हा घोटाळा कॉम्प्युटरच्या पोटातही होतो, आणि तिथे विचारायला कंडक्टरकाका नसतात.

कॉम्प्युटर सुरू झाला की आधी आत एक हजेरी होते. ती घेते ऑपरेटिंग सिस्टिम. आपण लिनक्सचं उदाहरण घेऊ. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली ही सिस्टिम लिहायला घेतली. लिनक्समध्ये पहिल्या डिस्कचं नाव 'एसडीए', दुसरीचं 'एसडीबी'. नेटवर्क कार्डांची नावं 'ईटीएच०' आणि 'ईटीएच१'. (शून्यापासून मोजायची या मंडळींना भारी हौस!)

पण पहिली कोण आणि दुसरी कोण, हे ठरतं कसं? जी आधी "हजर!" म्हणेल ती पहिली. पूर्वी सिस्टिम एकेकाला रांगेने विचारायची, तेव्हा क्रम सहसा तोच राहायचा. पुढे कॉम्प्युटर झटपट सुरू व्हावा म्हणून ती सगळ्यांना एकदमच हाका मारू लागली. मग एखादी डिस्क आज क्षणभर आधी उत्तर देते, उद्या क्षणभर उशिरा. झालं, नावांची अदलाबदल!

त्यात काय एवढं, असं वाटलं ना? मग समजा, शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क आहेत. एकीवर सगळ्या वर्गांचे निकाल, दुसरी रिकामी. काल रिकामीचं नाव होतं एसडीबी. आज सर 'एसडीबी पुसून टाक' असा हुकूम देतात. पण आज सकाळी रिकामीनेच आधी "हजर" म्हटलं होतं! आता एसडीबी कोण? निकालांची डिस्क. असे काही हुकूम "नक्की ना?" असंसुद्धा न विचारता पाळले जातात, बरं का.

नेटवर्क कार्डांचं तर आणखी अवघड. एक कार्ड शाळेच्या आतल्या कॉम्प्युटरांकडे जातं, दुसरं बाहेर इंटरनेटकडे. कुलूप लावलं ईटीएच१ला. नावं उलटली की कुलूप आतल्या दाराला आणि बाहेरचं दार सताड उघडं!

यावरचा एक उपाय तुमच्या शाळेच्या कपाटात आहे. तुमचा हजेरी नंबर दरवर्षी बदलतो. पण शाळेत नाव घातलं तेव्हा जनरल रजिस्टरमध्ये पडलेला नंबर ती शाळा सोडेपर्यंत तोच राहतो. दाखल्यावरही तोच येतो. तसा नंबर प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच मिळतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. त्यात बारा अक्षरं-आकडे असतात, आणि पहिल्या सहांवरून कार्ड बनवणारी कंपनी कळते. डिस्कवर फाइली ठेवण्याची मांडणी करतानाही त्या भागाला एक लांबलचक नंबर दिला जातो, बहुधा बत्तीस अक्षरांचा. त्याला यूयूआयडी म्हणतात. २००३ साली लिनक्समध्ये 'यूडेव्ह' नावाचा कारकून आला. तो हे नंबर वाचून प्रत्येकाला न बदलणारं जादा नाव देऊ लागला. सरांनी त्या नावाने हुकूम दिला असता, तर निकाल वाचले असते.

पण पावसाळ्यात वीज पडून कार्ड जळालं आणि नवं बसवलं, तर? नव्याचा मॅक पत्ता वेगळा. जुन्या पत्त्यावर बांधलेलं नाव त्याला लागू होत नाही.

म्हणून दुसरा उपाय जळगाव जामोदसारखा: नावातच जागा सांगायची. २०१३ पासून लिनक्सच्या बऱ्याच प्रकारांत नेटवर्क कार्डाचं नाव 'ईएनपी३एस०' असं दिसू लागलं. मंत्र नाही हो तो! 'ईएन' म्हणजे तारेचं नेटवर्क, 'पी३' म्हणजे आतल्या ३ नंबरच्या मार्गावरचं, 'एस०' म्हणजे ० नंबरच्या खाचेतलं. वायफाय असेल तर सुरुवातीला 'डब्ल्यूएल'. जळालेलं कार्ड काढून त्याच खाचेत तसंच नवं घाला, नाव तेच राहतं. मात्र कार्ड दुसऱ्या खाचेत हलवलंत, तर नाव बदलणार.

पुष्कळ लोक यावर चिडले. ईटीएच० कसं सुटसुटीत होतं, म्हणाले. घरी एकच कार्ड असेल तर त्यांचं खरं आहे, एकुलत्या एका देऊळगावाला शेपूट कशाला? पण दोन दारं असतील, तर मी लांब नावच पत्करेन.

विंडोजवाल्यांनो, तुमची मुख्य डिस्क 'सी' का, 'ए' का नाही? आई-बाबांना विचारा. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली होती. फ्लॉपी गेल्या, तरी सी आपल्या जागेवरच बसलाय! पेनड्राइव्ह मात्र आज 'ई', उद्या 'एफ'.

आता एक उद्योग. सरांची किंवा मॅडमची परवानगी घेऊन, विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'गेटमॅक' आणि लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये 'आयपी लिंक' हा हुकूम इंग्रजी अक्षरांत टाइप करा. बारा अक्षरांचा पत्ता दिसला की वहीत उतरवा आणि पहिली सहा अक्षरं शेजारच्या कॉम्प्युटरशी ताडून बघा. दोन्ही कार्डं एकाच कंपनीची असतील, तर बहुधा जुळतील.