बाप्तिस्मा आणि तरुणांची सदसद्विवेकबुद्धी

आपली मुले आज ख्रिस्ती मुलांच्या शेजारी एकाच बाकावर बसून शिकतात. एखादे दिवशी मुलगी घरी येऊन विचारते, बाप्तिस्मा म्हणजे काय? पुष्कळ घरांत हा प्रश्न हसण्यावारी नेला जातो, नाहीतर मुलीस दटावले जाते. हे दोन्ही मार्ग आम्हांस अनुचित वाटतात. ज्यांनी स्वतः धर्मांतर केले, त्यांनी इतरांच्या दीक्षेचा अर्थ समजून घेतलाच पाहिजे.

बाप्तिस्मा हा पाण्याचा संस्कार आहे. जुने जीवन सरले, नवा जन्म झाला आणि मनुष्य ख्रिस्ती मंडळीचा घटक झाला, असा त्याचा आशय. रोमन कॅथलिक पंथात तो तान्ह्या बाळासही देतात. बाळाच्या वतीने आईबाप व धर्ममातापिता श्रद्धेचा उच्चार करतात. पुढे मूल जाणते झाले म्हणजे दृढीकरणाच्या वेळी तेच वचन ते स्वमुखाने उच्चारते. उलटपक्षी, बॅप्टिस्ट पंथ म्हणतो की, ज्यास स्वतः श्रद्धा प्रकट करता येते त्यासच बाप्तिस्मा द्यावा. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरास चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा या दोन्ही प्रथांस तीत स्थान देण्यात आले. तात्पर्य, वचन कोणाचे, आईबापांचे की मुलाचे, हा प्रश्न ख्रिस्ती समाजालाही सुटलेला नाही.

हा प्रश्न आपल्या प्रांतास नवा नाही. 1839 साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळला, प्रकरण न्यायालयात गेले. पण धनजीभाईंस स्वेच्छेने वागण्याची मोकळीक मिळाली. 1843 साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजाण होता, म्हणून न्यायालयाने त्यास पित्याच्या हवाली केले. मिशनऱ्यांच्या घरी राहिला एवढ्यावरून ब्राह्मणांनी त्यास वाळीत टाकू पाहिले. बाळशास्त्री जांभेकर त्या पोराच्या पाठीशी उभे राहिले. जाणत्याची इच्छा एक, अजाणाचे रक्षण दुसरे. हा विवेक तेव्हाही करावा लागला आणि आजही करावा लागतो.

आपल्या संविधानाने तो विवेक लेखी केला आहे. कलम 25 सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते. कलम 28 सांगते की, सरकारमान्य वा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत विद्यार्थ्यास त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणास बसण्याची सक्ती करता येत नाही. हा हक्क आपल्या मुलांचा आहे, तसाच ख्रिस्ती मुलांचाही आहे.

परंतु या स्वातंत्र्यास किंमत मोजावी लागते, हे आपल्याइतके कोणास ठाऊक? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा केवळ हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली त्यात शिखांचा व 1990 साली बौद्धांचा समावेश झाला. दलित ख्रिस्ती मात्र त्या दुरुस्तीनंतरही बाहेरच राहिले. डोक्यावर पाणी पडले म्हणून वस्ती बदलत नाही, आणि गावाची नजरही बदलत नाही. 1956 पासून 1990 पर्यंत जे आपण सोसले, ते दुसऱ्यास सोसावे लागत असता आपण गप्प बसणे न्यायाचे नव्हे.

आणि आता स्वतःकडे वळा. दीक्षाभूमीवर आपल्या वडीलधाऱ्यांनी बावीस प्रतिज्ञा स्वमुखाने उच्चारल्या. आपल्या मुलांचा धम्म मात्र पुष्कळदा शाळेच्या दाखल्यावरील एका शब्दापुरता उरतो. म्हणून मुलीने बाप्तिस्म्याचा अर्थ विचारला तर तो सरळ सांगा. त्याच बैठकीत आपली एक प्रतिज्ञा घ्या, तिचा अर्थ समजावून द्या, आणि तिला शंका विचारू द्या. जी शंकेस उत्तर देऊ शकते, तीच दीक्षा पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते.